रिकाम्या डब्यांचे गमरे

‘चालतंय’ हा शब्द प्रभाकर गमरेंच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. आमच्या ऑफिसात तो शब्द दिवसभर कानावर पडे. प्रोग्राम लिहिणारी मुलं खुर्ची मागे ढकलून एकमेकांना सांगत, ‘चालतंय रे,’ आणि चहाला जात. गमरे मात्र पडद्याकडे बघत राहत आणि म्हणत, ‘आत्ता चाललं.’ त्या ‘आत्ता’वर इतका भार असे, की ऐकणाऱ्याला आपल्या कामाची काळजी वाटू लागे.

लोअर परळला, एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत आमचं ऑफिस आहे. त्याच गिरणीच्या सूतखात्यात गमरेंचे वडील होते, हे मला पुष्कळ नंतर त्यांच्या धाकट्या भावाकडून, शशीकडून कळलं. गमरे स्वतः ते कधी बोलले नाहीत. त्यांच्या डब्यात सुकट असली की ते जिन्यात जाऊन जेवत. कुणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं आणि ‘इथेच बसा’ असंही कुणी म्हटलं नव्हतं. मी गिरगावची, सुकटीचा वास मला परका नव्हता. एके दिवशी मी माझा डबा घेऊन जिन्यात गेले तेव्हा ते न बोलता एक पायरी सरकले. आमची ओळख तिथून.

आमची कंपनी बंदरातल्या आणि गोदामांतल्या वजनकाट्यांसाठी सॉफ्टवेअर करते. मी त्याची मॅन्युअलं लिहिते. प्रोग्राम लिहिता मला येत नाही, पण ते वाचून त्यात काय चाललं आहे ते साध्या भाषेत सांगणं हे माझं काम. गमरे मला ‘लेखिकाबाई’ म्हणत. त्यात थट्टा किती आणि आदर किती हे मी ठरवू शकले नाही.

काट्याशी बोलणारा आमचा जुना प्रोग्राम ‘सी’ या भाषेत आहे. लोकांना दिसणारे पडदे नंतर दुसऱ्या भाषांत लिहिले गेले. एक ट्रक काट्यावर चढला की सी त्याची नोंद संगणकाच्या स्मृतीत मांडून ठेवतो आणि दुसऱ्या भाषेतला प्रोग्राम त्याच जागेवरून ती उचलतो. हे दोन प्रोग्राम म्हणजे एकमेकांशी कधी न बोलणारी दोन माणसं. स्मृतीतल्या कुठल्या घरापासून काय सुरू होतं याबद्दल दोघांची समजूत एक असली पाहिजे, एवढंच. ती एक राहील हे बघणं हे गमरेंचं काम होतं, आणि वीस वर्षांहून जास्त काळ त्यांनी तेच केलं. कुणीतरी एकदा त्यांना दुभाषी म्हटलं. त्यांना ते पटलं नाही. ‘दुभाषी अर्थ सांगतो,’ ते म्हणाले. ‘मला अर्थाशी काय करायचंय? कोण कुठे बसलंय तेवढं मी बघतो.’

मी पहिल्या मॅन्युअलात लिहिलं होतं, ‘दोन्ही प्रोग्राम एकच माहिती वाचतात.’ त्यांनी ते खोडलं.

‘वाचत नाहीत. एकाच जागेकडे बघतात.’

‘फरक काय?’

फरक सांगायला त्यांनी मला जिन्यात बसवून त्यांच्या परळच्या चाळीतला नळ दाखवला. म्हणजे हातांनी दाखवला. पाणी यायच्या आधी रांग लागे, माणसांची नव्हे, भांड्यांची. गॅलरीत ठरावीक अंतरावर खांब होते. लोटा, कळशी कुठेही ठेवली तरी चाले, पण पाण्याचं मोठं पिंप खांबाला टेकूनच ठेवावं लागे, नाहीतर लवंडायचं. मग आधीच्या कळशीपासून खांबापर्यंत जी जागा उरे तिथे गमरेंची आई रिकामे डबे मांडून ठेवी. डब्यांत काही नाही, पण जागा अडली.

‘सी आमच्या आईसारखा,’ गमरे म्हणाले. ‘मोठा आकडा असला की खांब बघतो, मध्ये रिकामे डबे लावतो. आता बाहेरचा माणूस आला. त्याला आमची रीत ठाऊक नाही. तो मोजतो, पहिली कळशी, दुसरं पिंप. आणि पिंप समजून रिकामा डबा उचलून घेऊन जातो.’

‘मग बरोबर कोण?’

‘दोघंही. म्हणून तर भांडण मिटत नाही.’

एकदा न्हावा शेवाकडच्या एका गोदामातून फोन आला, की कांद्याचा ट्रक काट्यावर चढला आणि पडद्यावर एखाद्या जहाजाचं वाटेल असं वजन दिसतंय. काट्याला दोष देऊन झाला, वायरिंगला देऊन झाला, शेवटी नव्यानं लागलेल्या एका मुलीवर आला. गमरे कुणाचंच ऐकत नव्हते. त्यांनी स्मृतीतले कच्चे बाइट, म्हणजे ती नुसती दोन-दोन अक्षरांची घरं, पडद्यावर काढली आणि बोट ठेवत ठेवत गेले. रिकामे डबे. एका ओळीत काम झालं. मुलं टाळ्या वाजवायला लागली तेवढ्यात त्यांनी ती ओळ पुन्हा पुसली, जहाजाचं वजन पुन्हा आणून दाखवलं, आणि मग ओळ परत घातली. ते दर वेळी असं करत. दुरुस्ती काढल्यावर तोच बिघाड तसाच परत आला, तरच ती दुरुस्ती ते मानत. ‘नाहीतर काय,’ ते म्हणत, ‘देवाला नारळ फोडला आणि पोरगं पास झालं.’

त्यांचा स्वभाव कुणाला खुपावा असाच होता. वाढदिवसाचा केक ते खात नसत. लिफ्टमध्ये कुणी हवापाण्याचं बोललं तर उत्तर देत नसत. आणि तरी संध्याकाळी दादरला त्यांच्या बायकोची, वैशालीवहिनींची, शाळा सुटायच्या वेळी ते फाटकाबाहेर उभे असत, आणि दोघं शिवाजी पार्काला एक फेरी मारून मग परळला घरी जात. वहिनी प्राथमिक शाळेत शिकवतात. त्या दिवसभराचं सांगत आणि हे ऐकत. मी त्यांना तसं एकदा लांबून पाहिलं आहे. गमरेंचा चेहरा ऑफिसातल्यापेक्षा निराळा दिसत होता.

मग त्यांची करंगळी गेली.

ते असंच म्हणाले. ‘लेखिकाबाई, करंगळी रजेवर गेली. अर्ज न देता.’ कळफलकावर उजवी करंगळी उचलत नव्हती. पुढे शर्टाची बटणं लावता येईनात. परळच्याच एका मोठ्या रुग्णालयात तपासण्या झाल्या आणि निदान आलं ते असं, की मेंदू शाबूत राहील आणि त्याचा हुकूम मानणारे स्नायू एकेक करून सोडून जातील. हात, पाय, जीभ, शेवटी छाती. डोळे सहसा टिकतात, असं डॉक्टर म्हणाले. गमरेंनी तेवढंच वाक्य घरी आणलं.

डोळ्यांवर चालणारा एक कॅमेरा मिळतो. पडद्याखाली बसवतात, माणूस जिकडे बघेल तिकडे बाण जातो, एखाद्या अक्षरावर नजर थांबली की ते अक्षर उमटतं आणि यंत्र वाक्य बोलून दाखवतं. पण कंपनीचा बोलका प्रोग्राम इंग्रजीत होता. ‘वैशालीला पाणी मागायचं ते इंग्रजीत मागू?’ गमरे म्हणाले. कॅमेऱ्याचा आतला भाग सीमध्ये लिहिलेला होता. त्यावर त्यांनी पायथन या भाषेत आपला स्वतःचा मराठी फळा, म्हणजे पडद्यावरची अक्षरांची पाटी, लिहायला घेतला. ज्या कामात आयुष्य गेलं तेच काम, फक्त या वेळी काट्यावर ते स्वतः होते.

हात आधी संपतात की प्रोग्राम, अशी ती शर्यत मी बघत होते. दोन बोटांनी, मग एका बोटानं, मग वहिनींच्या बोटानं. तोवर बोलणं जड झालं होतं. वहिनींना ‘स्वल्पविराम’ सांगताना त्यांच्या ओठांच्या कडेनं लाळ यायची आणि वहिनी ती पुसून तोच हात पुन्हा कळफलकावर ठेवायच्या. प्रोग्राम पुरा झाला. बाण हलला. आवाज एका अनोळखी बाईचा होता, मराठीत त्यांना तेवढाच सापडला. तिनं पहिलं वाक्य म्हटलं, ‘वैशाली, चहात साखर कमी आहे.’ शशी इतका हसला की त्याला ठसका लागला. गमरे कुणाकडे न बघता पुढचं लिहीत होते. बाई म्हणाली, ‘आत्ता चाललं.’

ते काही आठवडे बरे गेले. मग त्यांचा उरलासुरला आवाजही गेला, हातांची हालचालही पुरती थांबली, आणि त्याच सुमाराला कॅमेऱ्याच्या कंपनीचा माणूस देखभालीसाठी आला. त्यानं आपल्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घातली, कंपनीच्या प्रोग्रामातला ठिपका स्वतःच्या डोळ्यांनी फिरवून दाखवला आणि सही घेऊन गेला. दुपारी गमरेंचा फळा उघडला तर बाण वेडा झाला होता. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात उड्या मारी. एकही अक्षर धरवेना.

वहिनींनी फोन केला. कंपनीचा माणूस म्हणाला, ‘मॅडम, आमचं ओके आहे. पेशंटची नजर स्थिर नसेल.’ वहिनींनी स्वतः समोर बसून पाहिलं, तेव्हाही बाण उड्याच मारत होता. पण कॅमेरा गमरेंच्या डोळ्यांना जुळवलेला, दुसऱ्याला तो चालणारच नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी टाकून पाहिली आणि म्हणाले, या आजारात काही जणांच्या बाबतीत डोळेही दमतात.

आणि त्याच भेटीत त्यांनी नळीचा विषय काढला. छाती आता थकत चालली आहे. नाकावरचा मुखवटा पुरेनासा झाला, की गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागेल आणि मग कायम यंत्रावर. घालायची की नाही हे आत्ताच ठरवा, त्या घाईत ठरवता येत नाही. पेशंटनं स्वतः सांगितलं तर उत्तम. नाहीतर घरच्यांनी एकमतानं सांगा.

गमरेंकडे स्वतः सांगायला एकच मार्ग उरला होता, पुठ्ठ्यावरचा वर्णमालेचा तक्ता. वहिनी ओळीवर बोट ठेवत, कची ओळ, चची ओळ, हे डोळे मिटत. मग त्या ओळीतलं अक्षर, मग काना-मात्रा. त्या तक्त्यावर वहिनींनी तीन शब्द वाचले. ‘नळी नको मला.’

शशीला ते मान्य नव्हतं. शशी महापालिकेत पाणीखात्यात आहे. वडील लवकर गेले, त्याला शिकवलं, नोकरीला लावलं ते दादानं. तो रोज कामावरून सरळ दादाकडे येई आणि त्याचे पाय चोळत बसे. पुढचं बोलणं मी तिथे असतानाच झालं.

‘वहिनी, राग मानू नका,’ तो म्हणाला. ‘पण तुम्ही ‘न’ म्हणता, ‘ळ’ म्हणता, आणि पुढचं तुम्हीच पुरं करता. पोरांना शिकवताना करता तसं.’

‘मी त्यांचे डोळे बघते, भाऊजी.’

‘मी पण बघतो. मला ते कधी हो दिसतात, कधी नाही दिसतात. तुम्ही दमलायत. कुणीही दमेल. दमलेल्या माणसाला जे वाचायचं असतं ते वाचलं जातं.’

गमरे दोघांच्या मध्ये पडून होते. मुखवट्याचं यंत्र श्वास आत ढकलत होतं, सोडत होतं. त्यांचे डोळे शशीकडे गेले, वहिनींकडे गेले, आणि पडद्याखालच्या त्या बंद कॅमेऱ्याकडे गेले. शशीला ते दिसलं नाही. मी ते पाहिलं, पण मला त्यातलं काही कळलं नाही.

त्या दिवसापासून वहिनींनी अंदाज करणं सोडलं. ‘पा’ झालं की ‘पाणी’ हे कुणालाही कळतं, पण त्या ‘ण’साठी थांबत, ‘ी’साठी थांबत, मगच पेला उचलत. गमरे घामानं भिजत. एक शब्द झाला की डोळे मिटून पडत आणि ते दमले आहेत की हो म्हणताहेत, हेही कळेना. घरात तीन माणसं होती आणि कुणाचं कुणापर्यंत पोचत नव्हतं. वहिनींनी शाळेतून रजा घेतली. त्यांना जेवण जाईना. शशी येई, पाय चोळी, वहिनींशी न बोलता जाई. डॉक्टरांचा फोन आला की दोघं एकमेकांकडे बघत आणि ‘सांगतो’ म्हणून ठेवून देत. मधल्या काळात गमरेंचा श्वास एकदा अडकला. थोडक्यात निभावलं. पण पुढच्या वेळी काय, याला अजून उत्तर नव्हतं.

मग वहिनींचा मला फोन आला. ‘ताई, हे दोन दिवसांपासून एकच शब्द काढतायत. लेखिका. मी आधी घाबरले, म्हटलं भ्रम झाला का.’

रविवार होता. गिरगावातून बसनं परळला जाताना मी कसला विचार केला ते आठवत नाही. चाळ पाडून झालेल्या इमारतीत अकराव्या मजल्यावर त्यांचं घर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली औषधांचं टेबल. शशी खिडकीशी होता. ‘जयभीम ताई, बसा,’ म्हणाला आणि पुन्हा बाहेर बघू लागला.

गमरे माझ्याकडे बघत होते. ऑफिसात मॅन्युअलात चूक सापडली की असेच बघत.

‘फळ्याचं काही आहे का?’ मी विचारलं. एकदा मिटले, म्हणजे हो.

‘तो माणूस येऊन गेल्यापासून?’ हो.

‘त्यांनी नोंदीतला क्रम बदललाय?’ दोनदा. नाही.

मला आणखी काय विचारावं कळेना. हे काम माझं नव्हतं. मी त्यांचा प्रोग्राम उघडला आणि वाचू लागले, मॅन्युअल लिहिण्याआधी वाचते तसा, वरून खाली. आपल्या टिपा ते मराठीत लिहीत. कॅमेऱ्याच्या नोंदीपाशी तीन ओळी होत्या. डोळा सापडला की नाही, एक घर. आडवी जागा, चार घरं. उभी जागा, चार घरं. पहिल्या ओळीच्या पुढे त्यांनी लिहिलं होतं, ‘यानंतर तीन रिकामे डबे.’

मी वळून त्यांच्याकडे बघितलं. ‘डबे?’

त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

कच्चे बाइट दाखवणारी एक कळ ते प्रत्येक प्रोग्रामात ठेवत. मी ती दाबली. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली घरांची एक ओळ उमटली. ते त्या ओळीकडे एकटक बघत राहिले. नजर तिथे टेकलेली असताना बहुतेक घरं थरथरत होती, काही मात्र हलत नव्हती. मी पडद्यावर बोट ठेवून एकेक घर पुढे गेले. पहिलं घर स्थिर, ती डोळा सापडल्याची खूण. मग पाचव्यावर त्यांनी डोळे मिटले. मग नवव्यावर. पुढे सगळी शून्यं.

त्यांच्या टिपेप्रमाणे ती दोन घरं, म्हणजे दोन्ही आकड्यांची न हलणारी शेवटची घरं, आठवं आणि बारावं असायला हवी होती. तीनाचा फरक. कंपनीनं नव्या आवृत्तीत रिकामे डबे काढून टाकले होते, भांडी एकाला एक चिकटवून ठेवली होती, आणि कुणाला सांगितलं नव्हतं. गमरेंचा प्रोग्राम अजून खांब बघत होता. आडव्या आकड्याचं शेपूट आणि उभ्याचं डोकं एकत्र उचलून तो बाण कुठेतरी भिरकावत होता. डोळे पहिल्या दिवसापासून ठीक होते.

मोकळ्या जागा सोडू नकोस, असं पायथनला सांगायला एक ओळ लागते. ती कुठे घालायची हे मी बोटानं वर खाली करत विचारलं आणि त्यांनी डोळ्यांनी सांगितलं. प्रोग्राम सुरू केला. बाण कोपऱ्यातून निघाला, फळ्यावर आला आणि एका अक्षरावर येऊन उभा राहिला.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात होत्या. त्या पुढे आल्या नाहीत.

फळ्यावर पहिला शब्द उमटला आणि ती अनोळखी बाई म्हणाली, ‘काढ.’

‘काय काढू?’ शशी धावत आला. ‘दादा, तोंडावरचं? तोंडावरचं नाही काढायचं.’

‘ओळ,’ मी म्हणाले. ‘आत्ता घातलेली ओळ काढायला सांगतायत.’

‘अहो पण आत्ता कुठे नीट झालंय. ताई, नको.’

बाई पुन्हा म्हणाली, ‘काढ.’

मी काढली. बाण पुन्हा कोपऱ्यांत आपटू लागला. गमरेंची मान उशीला टेकलेली, डोळे शांत, एकाच जागी. शशीनं आधी बाणाकडे पाहिलं, मग दादाच्या डोळ्यांकडे, मग परत बाणाकडे. असं त्यानं बरेचदा केलं. एवढे दिवस जी भिरभिर त्याला दादाच्या नजरेची वाटत होती ती दादाची नव्हती, हे त्याच्या तोंडावर हळूहळू दिसत गेलं.

‘घाला,’ तो म्हणाला. ‘ताई, घाला परत.’

ओळ परत घातली. गमरेंनी आता घाई केली नाही. यंत्रानं छाती भरली की एक अक्षर, रिकामी केली की पुढचं. शब्द पुरे होताना आम्हाला सगळ्यांना दिसत होते आणि कुणीही ते आधी मोठ्यानं म्हटले नाहीत.

‘शशी,’ बाई म्हणाली. ‘नळी नको. वैशालीनं बरोबर वाचलं होतं.’

शशी पलंगाच्या कडेवर बसला. ‘दादा, एकदा परत विचार कर ना. मी रजा टाकतो. रात्रीचं मी बघीन. वहिनींना काही करायला नको.’

अक्षरं पुन्हा उमटू लागली. ‘विचार केला. वेळ भरपूर होता.’

शशी हसायला गेला आणि त्याला ते जमलं नाही. त्यानं दादाचे पाय धरले आणि तो चोळू लागला. त्याला दुसरं काही सुचलं नसावं.

वहिनी दारातच खाली बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ गेले. मला वाटलं होतं की खोटेपणाचा डाग पुसला गेला म्हणून त्यांना रडू आलं असेल. त्या हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं बोलल्या. ‘भाऊजी तसं म्हणाले ना, तेव्हा मला राग नव्हता आला, ताई. मला बरं वाटलं होतं. म्हटलं, खरंच मी चुकीचं वाचत असेन. म्हणून तर अंदाज करायचं सोडलं. म्हटलं, एक दिवस पुढचं अक्षर वेगळं येईल.’

डॉक्टरांना दोघांनी मिळून कळवलं.

गमरे गेले ते त्यानंतर फार दिवसांनी नव्हे, घरीच, वहिनी आणि शशी जवळ असताना. मी नव्हते. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आदल्या आठवड्यात, एका दुपारी.

वहिनींनी दार उघडलं आणि म्हणाल्या, ‘सकाळपासून काहीतरी लिहितायत. मला वाचू देतात, पण अर्थ लागत नाही.’ पडद्यावर कॅमेऱ्याच्या कंपनीला पत्र होतं. ‘तुमच्या नव्या आवृत्तीत नोंदीची मांडणी बदलली आहे. तसं तुम्ही कुठेही सांगितलेलं नाही. ज्यांना बोलायला हा एकच मार्ग आहे अशी माणसं तुमचा कॅमेरा वापरतात. त्यांच्या घरी लोक असं समजतात, की’ इथपर्यंत आलं होतं. श्वास पुरत नव्हता. दोन शब्दांमध्ये ते डोळे मिटून पडत, आणि मुखवट्याच्या कडेनं हवा निसटल्याचा बारीक आवाज येत राही. मी खुर्चीवर बसून होते. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. आमच्याकडे बघायला गमरेंना सवड नव्हती, कारण बघायचे आणि लिहायचे डोळे तेच होते. नजर पडद्यावरून हलली की बाण अक्षर सोडून जाई आणि शब्द तिथेच राही.

ऊन उतरल्यावर मी उठले. ‘येते, गमरे,’ दारातून म्हणाले. ते ऐकू गेलं की नाही कळलं नाही, त्यांचं ‘समजतात’नंतरचं वाक्य चाललं होतं. मी चप्पल घातली आणि सहज मागे पाहिलं. बाण पडद्याच्या कडेला जाऊन थांबला होता. शब्द अर्धा होता. गमरे माझ्याकडे बघत होते. तसे ते बराच वेळ बघत राहिले, आणि मग त्यांनी नजर पुन्हा पडद्यावर नेली.